सायकलस्वारांना क्लब कशाला हवा होता?

एकोणिसाव्या शतकातल्या सायकलींचे जुने फोटो पाहताना सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात : पुढचं चाक माणसाच्या छातीपर्यंत आणि मागचं जेमतेम गुडघ्याएवढं, असं का? फोटो थोडा निरखून पाहिला तर आणखी एक प्रश्न पडतो. ही दहा-वीस माणसं एकसारखे कपडे घालून रांगेत का उभी आहेत? एकाच्या खांद्याला बिगूल का आहे? सायकल चालवायला एकच माणूस लागतो. मग एवढ्या थाटाचा क्लब कशासाठी?

चाकाचं कोडं उलगडलं की क्लबचं कोडं अर्धं सुटतं. म्हणून आधी चाक पाहू.

१. पाय एकदा फिरला, चाक एकदा फिरलं

लहान मुलांची तीनचाकी सायकल आठवा. तिला साखळी नसते. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला जोडलेलं असतं. पायडल एकदा फिरलं की चाकही एकदाच फिरतं, त्यामुळे मूल कितीही जोर लावत असलं तरी सायकल फारसं अंतर कापत नाही. १८६०च्या दशकात पॅरिसमध्ये पिएर मिशो यांच्या कारखान्यातून बाहेर पडू लागलेली ‘व्हेलोसिपेड’ याच तत्त्वावर चालायची. तिची चाकं लाकडाची आणि त्यांवर लोखंडी धाव. फरसबंद रस्त्यावर ती इतकी हादरायची की इंग्लंडमध्ये तिला हाडं खिळखिळी करणारी, ‘बोनशेकर’, हेच नाव पडलं.

आता थोडा हिशेब करू. चाकाचा व्यास ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटीमीटर असेल, तर एका फेरीत सायकल पावणेतीन मीटरांच्या थोडी पुढे जाते. मिनिटाला ६० वेळा पायडल मारलं तर ताशी वेग होतो साधारण १० किलोमीटर. तेवढ्याच पायडलांत वेग वाढवायचा असेल आणि साखळी हाताशी नसेल, तर मार्ग एकच : चाक मोठं करा. ५२ इंचांचं चाक एका फेरीत ४ मीटरांहून जास्त अंतर तोडतं आणि वेग ताशी १५ किलोमीटरवर जातो.

पण लाकडी आऱ्यांचं एवढं मोठं चाक वजनानेच माणसाला दमवून टाकेल. ही अडचण कॉव्हेंट्रीच्या कारागिरांनी सोडवली. कॉव्हेंट्रीतला एक शिलाई यंत्रांचा कारखाना १८६९च्या सुमारास व्हेलोसिपेडकडे वळला होता. तिथल्या जेम्स स्टार्ली यांनी विल्यम हिलमन यांच्यासह ‘एरियल’ नावाची सायकल बनवली. लाकडी आरा भार सोसतो तो दाबला जाऊन, म्हणून तो जाड लागतो. एरियलच्या चाकात ताणून बसवलेल्या बारीक तारा होत्या. ताणलेली तार बारीक असली तरी मोठा भार पेलते. चाक हलकं झालं आणि मग ते वाढतच गेलं, इतकं की स्वाराच्या पायाची लांबी हीच त्याची मर्यादा उरली. दुकानात आधी गिऱ्हाइकाच्या पायाचं माप घ्यायचे आणि मग चाक ठरवायचे. उंच माणसाला मोठं चाक मिळे, म्हणजे आपोआप जास्त वेग मिळे. ‘ऑर्डिनरी’ किंवा ‘पेनी-फार्दिंग’ म्हणतात ती हीच सायकल.

या वेगाची किंमतही मोजावी लागे. स्वार बसायचा जवळजवळ पुढच्या आसाच्या वर, जमिनीपासून दीड मीटर उंचावर. चाकाखाली एखादा धोंडा आला किंवा चाक चाकोरीत अडकलं की ते जागच्या जागी थांबे, आणि स्वारासकट उरलेली सगळी सायकल त्या आसाभोवती पुढे उलटे. पाय हँडलच्या दांड्याखाली अडकलेले, त्यामुळे पडायचं ते डोक्यावरच. उतारावर धोका आणखी वाढे. पायडल चाकालाच जोडलेलं असल्याने चाक भन्नाट फिरू लागलं की पायडलही तितकंच भन्नाट फिरे आणि त्यावर पाय टिकत नसत. सराईत स्वार उतार लागला की दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकून बसत. पडायचंच असेल तर निदान पायांवर पडता यावं, एवढाच त्यामागचा विचार.

अशा वाहनावरून अनोळखी रस्त्यावर एकट्याने जाणं शहाणपणाचं नव्हतं. पडलो तर उचलणार कोण? सायकल वाकली तर दुरुस्त कोण करणार? खेड्यातल्या लोहाराने असलं यंत्र पाहिलेलंही नसायचं. क्लबची पहिली गरज इथे होती.

२. पिकविकची मंडळी

२२ जून १८७० रोजी लंडनमधल्या हॅकनी डाउन्स भागातल्या एका हॉटेलात काही तरुण जमले आणि त्यांनी सायकलस्वारांचा क्लब काढला. तेरा दिवसांपूर्वी, ९ जूनला, चार्ल्स डिकन्स गेले होते. त्यांच्या ‘द पिकविक पेपर्स’ या कादंबरीत गावोगाव भटकणाऱ्या मित्रमंडळींचा एक क्लब आहे. डिकन्स यांच्या स्मरणार्थ या तरुणांनी आपल्या क्लबला पिकविकचं नाव दिलं. प्रत्येक सदस्याला कादंबरीतल्या एखाद्या पात्राचं नाव मिळतं आणि क्लबात त्याला त्याच नावाने हाक मारतात. ही प्रथा आजही चालू आहे, आणि पिकविक बायसिकल क्लबही. जगातला सर्वांत जुना सायकल क्लब म्हणून तो ओळखला जातो.

पुढच्या काही वर्षांत इंग्लंडच्या गावागावांत असे क्लब निघाले. सदस्य बहुतेक मध्यमवर्गातले तरुण, म्हणजे कचेऱ्यांतले कारकून, व्यापाऱ्यांची मुलं, वकिलीच्या उमेदवारीत असलेले. ऑर्डिनरीला मजुराची कित्येक आठवड्यांची मजुरी लागे, त्यामुळे कामगाराला ती परवडत नव्हती. या तरुणांकडे आणखी एक नवी गोष्ट होती : शनिवारची मोकळी दुपार. अर्ध्या दिवसाने कचेरी सुटली की शहराबाहेरच्या एखाद्या खाणावळीपर्यंत सायकलने जायचं, चहा घ्यायचा आणि अंधार पडायच्या आत परतायचं. क्लबच्या फेऱ्यांचं वेळापत्रक या शनिवारभोवतीच बांधलेलं असे.

३. कप्तान पुढे, बाकीचे मागे

फेरीची शिस्त पलटणीसारखी वाटते खरी, पण तिच्यामागे व्यवहारी कारणं होती. सर्वांत पुढे कप्तान. त्याला मागे टाकून कुणी पुढे जायचं नाही, कारण खड्डा किंवा वळण आधी त्याला दिसणार. मागे दोन-दोनच्या जोड्या. बिगूलवाला कप्तानाच्या जवळ. सायकलवर चढा, एका रांगेत या, उतरा, या प्रत्येक हुकमाचा सूर ठरलेला. उंच सायकलवरून मान वळवून मागच्याला ओरडून सांगणं धोक्याचं होतं. बिगुलाचा आवाज मात्र शेवटच्या स्वारापर्यंत एकाच वेळी पोचे, आणि पुढच्या गाडीवानालाही टोळी येत असल्याची वर्दी मिळे.

गणवेशाचं कारणही असंच. १८७८मध्ये निघालेल्या बायसिकल टूरिंग क्लबने आपल्या सदस्यांसाठी गडद हिरवा सर्जचा कोट, गुडघ्यापर्यंतची विजार आणि पुढे छोटी झडप असलेली टोपी ठरवून दिली. हिरव्या कापडावर रस्त्याची धूळ फार उठून दिसते हे लवकरच ध्यानात आलं आणि रंग बदलून करडा केला गेला. धुळीने माखलेला अनोळखी माणूस दारात आला तर खाणावळवाला त्याला आत घेईलच असं नव्हतं. गणवेश आणि बिल्ला दिसला की हा कुठल्या तरी प्रतिष्ठित संस्थेचा माणूस आहे, पैसे बुडवणार नाही, एवढी हमी मिळे.

१८८०च्या दशकाच्या आरंभी लंडनजवळ हॅम्प्टन कोर्टला दरवर्षी क्लबांचा मेळावा भरे. दोन हजारांहून अधिक स्वार आपापल्या क्लबच्या गणवेशात रांगेने जात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी उसळे. आपण किती आहोत हे जगाला दाखवायची ती संधी होती, आणि तेव्हा ते दाखवणं गरजेचं होतं. का, ते आता पाहू.

४. रस्ता कोणाचा?

रस्त्यावर तेव्हा घोड्यांचं राज्य होतं. सायकल पाहून घोडे बुजायचे, गाडीवान चिडायचे, मुलं चाकात काठ्या घालायची. १८७६च्या ऑगस्टमधला एक प्रसंग इंग्लंडभर गाजला. सेंट ऑल्बन्सच्या टपालगाडीसारख्या मोठ्या घोडागाडीच्या सारथ्याने शेजारून जाणाऱ्या सायकलस्वारावर चाबूक ओढला. गाडीवरच्या रखवालदाराने तर दोरीला लोखंडी गोळा बांधून तयारच ठेवला होता. त्याने तो चाकाच्या तारांत फेकला आणि स्वाराला सायकलसकट खाली ओढलं. गोळा आणि दोरी घरून तयार करून आणली होती, ही गोष्ट मला चाबकापेक्षा जास्त अस्वस्थ करते. तो क्षणाचा संताप नव्हता. या माणसांना रस्त्यावर येऊच द्यायचं नाही, हा निश्चय होता. प्रकरण न्यायालयात गेलं आणि दोघांनाही दंड झाला.

कायद्याच्या लेखी सायकल म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हतं. ती गाडी आहे की खेळणं? १८७९मध्ये हा प्रश्न ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यात न्यायाधीशांसमोर आला. लंडनच्या मस्वेल हिलवरून भरधाव सायकल हाकल्याबद्दल एकाला दंड झाला होता. त्याचं म्हणणं, भरधाव हाकण्याविरुद्धचा १८३५चा कायदा गाड्यांसाठी आहे आणि सायकल ही गाडी नव्हे. न्यायाधीशांनी सायकल ही गाडीच ठरवली आणि दंड कायम केला.

वरवर पाहता हा सायकलस्वारांचा पराभव होता. पण सायकल गाडी ठरली की गाडीवरची बंधनं तिला लागतात, तसा रस्त्यावरचा गाडीचा हक्कही तिच्याकडे येतो. क्लबांच्या पुढाऱ्यांनी हा धागा घट्ट धरला. निरनिराळ्या प्रांतांचे अधिकारी तेव्हा सायकलींसाठी आपापले नियम काढत होते. कुठे सायकल चालू असेपर्यंत घंटी सतत वाजवत राहा, अशीही सक्ती होती. क्लबांच्या संघटनेने खासदारांचा पिच्छा पुरवला. अखेर १८८८च्या स्थानिक शासन कायद्यात सायकल ही गाडी आहे असं स्पष्ट कलम आलं आणि असे वेगवेगळे स्थानिक नियम रद्द झाले. बदल्यात दोन अटी आल्या : अंधार पडल्यावर दिवा, आणि कुणाला ओलांडून पुढे जाताना घंटीसारखा इशारा. सायकलला दिवा नाही म्हणून पोलिसाने अडवल्याची आठवण आपल्याकडे आधीच्या पिढीतल्या कित्येकांना असेल. त्यांना ही अट ओळखीची वाटेल.

५. उतारावरचा फलक

या काळात सर्वांत मोलाचं काम कुणी केलं असं विचारलं, तर मी बायसिकल टूरिंग क्लबचं नाव घेईन. ऑगस्ट १८७८मध्ये हॅरोगेट या गावी सायकलस्वारांच्या मेळाव्यात तो निघाला. स्थापनेत पुढाकार होता स्टॅन्ली कॉटरेल या तरुणाचा. १८८३मध्ये तीनचाकीवाल्यांनाही सामावून घेण्यासाठी नाव बदलून ‘सायकलिस्ट्स टूरिंग क्लब’ झालं. शनिवारच्या फेऱ्या काढणं हे त्याचं काम नव्हतं. देशात कुठेही सायकलने जाणाऱ्याला अडचण येऊ नये, हा त्याचा हेतू होता.

त्यासाठी गावोगावी क्लबचा एक प्रतिनिधी नेमला. परगावचा सदस्य आला की रस्ता कसा आहे, दुरुस्ती कोण करतो, डॉक्टर कुठे राहतो हे त्याने सांगायचं. हॉटेलांशी करार झाले. ठरलेल्या दरात खोली आणि जेवण देणाऱ्या हॉटेलवर क्लबचं पंख असलेल्या चाकाचं चिन्ह लागे. ही सगळी माहिती सदस्यांच्या छोट्या पुस्तिकेत छापलेली असे.

आणि फलक! तीव्र उताराच्या माथ्यावर, ही उतरण सायकलस्वारांना धोक्याची आहे असं सांगणारे लोखंडी फलक क्लबांनी स्वतःच्या खर्चाने लावले. सरकारच्या मनातही तेव्हा असलं काही नव्हतं. रेल्वे आल्यापासून लांबचे रस्ते ओस पडले होते आणि त्यांवर कोण धडपडतं याची कुणाला पर्वा नव्हती. आज घाटाच्या माथ्यावर आपल्याला जी सूचना दिसते, तिची एक जुनी वंशावळ या फलकांपर्यंत जाते. नेदरलँड्समध्येही असंच घडलं. तिथल्या सायकलस्वारांनी १८८३मध्ये काढलेली एएनडब्ल्यूबी ही संघटना पुढे साऱ्या देशाला दिशादर्शक फलक पुरवू लागली.

अमेरिकेत प्रश्न फलकांचा नव्हता, रस्ताच नव्हता. बोस्टन बायसिकल क्लब फेब्रुवारी १८७८मध्ये निघाला आणि दोनच वर्षांनी, मे १८८०मध्ये, न्यूपोर्ट इथे ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ ही देशव्यापी संघटना उभी राहिली. शहराबाहेरचे रस्ते म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा. लीगने पक्क्या रस्त्यांची मागणी केली, तेव्हा सर्वांत मोठा विरोध शेतकऱ्यांनी केला. शहरातल्या हौशी पोरांच्या चैनीसाठी आम्ही कर का भरायचा, हा त्यांचा सवाल रास्तच होता. लीगने मग भाषा बदलली. आयझॅक पॉटर यांनी शेतकऱ्यांसाठी पुस्तिका लिहिली, १८९२पासून ‘गुड रोड्स’ नावाचं मासिक निघू लागलं, आणि त्यांत हिशेब मांडला जाई तो शेतमालाचा. कच्च्या रस्त्यावर ज्या ओझ्याला दोन खेपा लागतात ते पक्क्या रस्त्यावर एका खेपेत जात असेल, तर घोडा, गाडी आणि माणसाचा दिवस, या सगळ्यांचा निम्मा खर्च वाचतो. हा युक्तिवाद शेतकऱ्यांपर्यंत पोचू लागला. १८९३मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यात रस्त्यांच्या चौकशीसाठी छोटी कचेरी उघडली गेली. वर्षाचा निधी १०,००० डॉलर, प्रमुख जनरल रॉय स्टोन. आजच्या संघीय महामार्ग प्रशासनाचा उगम या कचेरीत आहे. मोटारींसाठी बांधले गेले असं आपण समजतो त्या रस्त्यांची मागणी मोटारी येण्याआधीच सायकलवाल्यांनी लावून धरली होती.

६. साखळी, हवा आणि बेळगावचं दुकान

१८८५मध्ये जेम्स स्टार्ली यांचे पुतणे जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि पायडलपासून मागच्या चाकापर्यंत साखळी. पुढच्या चक्राला १८ दाते आणि मागच्याला ९ असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक दोनदा फिरतं. म्हणजे ३० इंचांचं चाक ६० इंचांच्या चाकाचं काम करतं, आणि स्वाराचे पाय जमिनीच्या आवाक्यात राहतात. एवढ्या एका युक्तीने पंधरा वर्षांची उंच चाकाची सद्दी संपली. १८८८मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला आणि बसणारे हादरेही कमी झाले.

किर्लोस्कर उद्योगाचा आरंभही याच १८८८ सालचा, आणि तो सायकलीतूनच झाला. लक्ष्मणराव किर्लोस्कर तेव्हा मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात थोरले बंधू रामूअण्णांनी त्या विकायच्या. गिऱ्हाइकाला सायकल चालवायला शिकवण्याचं कामही रामूअण्णाच करत. लोखंडी नांगर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला.

७. दार कुणासाठी उघडं होतं?

नव्या सायकलीवर कुणालाही बसता येत होतं. क्लबात मात्र कुणालाही बसता येत नव्हतं.

बायकांपुढची पहिली अडचण कपड्यांची होती. घोळदार झगा साखळीत आणि तारांत अडकायचा. म्हणून काही जणी गुडघ्याखाली आवळलेली ढगळ विजार घालू लागल्या. १८९३मध्ये टेसी रेनॉल्ड्स ही सोळा वर्षांची मुलगी असा पोशाख करून ब्रायटनहून लंडनला जाऊन साडेआठ तासांत परत आली. वर्तमानपत्रांनी तिच्या वेगापेक्षा विजारीवरच जास्त रकाने भरले. ऑक्टोबर १८९८मध्ये पोशाख-सुधारणेच्या पुरस्कर्त्या लेडी हार्बर्टन सरे परगण्यातल्या ओकम गावी ‘हॉटबॉय’ हॉटेलात जेवायला थांबल्या. मालकिणीने विजार पाहिली आणि त्यांना जेवणघरात बसू द्यायला नकार दिला. दारूच्या गुत्त्याकडच्या खोलीत बसा, म्हणाली. सायकलिस्ट्स टूरिंग क्लबने हॉटेलावर खटला भरला, कारण हॉटेल त्याच्याच यादीतलं होतं. १८९९मध्ये ज्यूरीने निकाल दिला की जेवण नाकारलेलं नाही, फक्त दुसऱ्या खोलीत देऊ केलं. क्लब हरला. तरीही एका बाईच्या पोशाखासाठी क्लब न्यायालयात उभा राहिला, हे मला त्याच्या साऱ्या फलकांइतकंच मोठं वाटतं. त्या वर्षी त्याची सदस्यसंख्या ६०,४४९ होती.

कामगारांनी वेगळी वाट काढली. जुन्या सायकली स्वस्तात मिळू लागल्यावर १८९४मध्ये बर्मिंगहॅमच्या समाजवादी तरुणांनी रॉबर्ट ब्लॅचफर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ वृत्तपत्राच्या नावाने क्लब काढला. रविवारी खेड्यांत सायकलने जायचं, अंक आणि पत्रकं वाटायची, चौकात सभा घ्यायची. फिरणं आणि प्रचार अशी दोन्ही कामं त्यांनी एकाच सायकलवर केली.

अमेरिकेतली गोष्ट कडू आहे. रस्त्यांसाठी एवढं झगडणाऱ्या लीगने १८९४मध्ये लुईव्हिलच्या अधिवेशनात ठराव केला की यापुढे सदस्यत्व फक्त गोऱ्यांना. दक्षिणेतल्या शाखांचे सदस्य टिकवण्यासाठी ही किंमत मोजली गेली. बोस्टनची किटी नॉक्स ही शिवणकाम करणारी मिश्रवर्णीय तरुणी १८९३पासून लीगची सदस्य होती. १८९५मध्ये न्यू जर्सीतल्या ॲस्बरी पार्कच्या मेळाव्यात ती आपलं सदस्यपत्र घेऊन, स्वतः शिवलेल्या विजारीच्या पोशाखात गेली. तिला मान्यता द्यायची की नाही यावरून वाद पेटला. अखेर लीगच्या चिटणिसांना सांगावं लागलं की ठरावाच्या आधी झालेल्या सदस्याला तो लागू होत नाही. १८९९मध्ये माँट्रियलला मेजर टेलर हा कृष्णवर्णीय अमेरिकन एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला. आपल्या देशाच्या लीगचा सदस्य होण्याची मुभा मात्र त्याला नव्हती.

१८९८मध्ये लीगचे एक लाखाहून अधिक सदस्य होते. १९०२पर्यंत ते दहा हजारांच्याही खाली आले. गोऱ्यांपुरत्या सदस्यत्वाचा तो ठराव औपचारिकपणे रद्द व्हायला १९९९ साल उजाडलं.